कोसमटोल्याच्या सहा खेमा

कोसमटोला, जि. गडचिरोली
रविवार, ७ जुलै १९८५

आदरणीय खेमाबाई निमगडे यांना कुंदा ताजनेचा नमस्कार.

तुम्ही मला ओळखत नाही. मी मूळची वरोऱ्याची. गेल्या जूनपासून कोसमटोल्याच्या शाळेत शिकवते. शाळा एकशिक्षकी आहे, म्हणजे बाई मीच, घंटा मीच आणि कुलूपही मीच. तुमचा पत्ता तालुक्याच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरने दिला. तुम्ही आता चंद्रपूरच्या मोठ्या दवाखान्यात असता एवढंच त्याला ठाऊक होतं. चुकीच्या माणसाच्या हाती पत्र पडलं असेल तर क्षमा करा आणि फाडून टाका.

अडचण अशी आहे की माझ्या पहिली-दुसरीत मिळून खेमा नावाच्या सहा मुली आहेत. मी हजेरी घेताना ‘खेमा’ म्हटलं की आधी सगळ्या ओरडतात, मग एकमेकींकडे बघून सगळ्या गप्प बसतात. शेवटी मी देवरावची खेमा, चैतूची खेमा, दसरूची खेमा, नदीकाठची खेमा, ठेंगणी खेमा आणि रडकी खेमा अशी नावं पाडली. रडकीने आता रडणं सोडलंय, पण नाव काही सुटत नाही.

हे असंच चाललं असतं. पण परवा विस्तार अधिकारी साहेब अचानक तपासणीला आले. गावात धानाची रोवणी सुरू आहे, अर्धा वर्ग चिखलात. सहापैकी दोनच खेमा हजर होत्या. साहेबांनी हजेरीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, “बाई, पटसंख्या फुगवायची तर निदान नावं तरी वेगळी घालायची. खेमा म्हणजे तंबू. तुम्ही तर इथे अख्खी छावणी ठोकलीय.” सोबतचा शिपाई हसला. मला रडू आलं नाही, पण कान फार गरम झाले. साहेबांनी शेरा मारला की पुढच्या भेटीत सहाही मुली समोर दिसल्या पाहिजेत.

मुली मी उभ्या करीन. पण त्यांनी विचारलं, “एवढ्याशा गावात हे नाव आलं कुठून?” तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. वरोऱ्यात, चंद्रपुरात, आमच्या डी.एड.च्या वर्गात, कुठेच मी हे नाव ऐकलेलं नाही. बायकांना विचारलं तर सगळ्या एकच सांगतात, “नर्सबाईचं नाव होय.” पुढचं विचारलं की पाण्याला जायचं निमित्त काढून उठतात.

त्या नर्सबाई तुम्हीच का? आणि हे नाव कुठलं, त्याचा अर्थ काय, हे कळवाल का?

आपली,
कुंदा ताजने


कोसमटोला
रविवार, २८ जुलै १९८५

प्रिय खेमाताई,

तुमचं कार्ड मिळालं. ताई लिहिलं म्हणून रागावू नका. इथे तुमच्याबद्दल इतकं ऐकलंय की ‘बाई’ लिहिताना पेन अडतं.

तुम्ही लिहिलंत, “मी तीच. पण मी असेपर्यंत त्या गावात माझ्या नावाचं कोणी नव्हतं. तुमची काहीतरी चूक होते आहे. कृपा करून त्या गावाबद्दल पुन्हा लिहू नये.”

एवढं वाचून मी खरं तर गप्प बसायला हवं होतं. दोन दिवस बसलेही. मग तुमचं कार्ड घेऊन गिरजाबाईकडे गेले. देवराव कुळमेथेची आई. तुम्हाला आठवत असेल. आता तिला नीट दिसत नाही, पण टोपल्या अजून विणते. मी कार्ड वाचून दाखवलं. ती म्हणाली, “तिले मालूम नाई? मंग तिले कोन सांगन? आमी त तोंड दाखवाच्या लायकच नाई राह्यलो.”

आणि मग तिने सगळं सांगितलं. सात वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात तिची सून सीता अडली. तुम्ही आणि गिरजाबाई आदल्या संध्याकाळपासून तिच्यापाशी होतात. पोर झाली ती निळी, आवाज नाही. तुम्ही तिच्या तोंडाला तोंड लावून वारा घातला, पाठ चोळली, पुन्हा वारा घातला, तेव्हा कुठे ती रडली. पण सीताचं रक्त थांबेना. तुम्ही तिला बाजेवर घालून नदीपर्यंत नेलंत. नदी दोन्ही थड्या धरून चालली होती. नावाड्याने डोंगी सोडायला नकार दिला आणि सीता तिथेच, काठावर, तुमच्या मांडीवर गेली.

त्यानंतर देवरावाने काय केलं तेही तिने सांगितलं. “माह्या पोरानं नर्सबाईची पिशवी उचलली न् नदीत फेकली. म्हने, तूनंच मारली. आन् सारा गाव पाहून राह्यला. मी बी.” हे सांगताना ताई, तिचे हात टोपलीवर थांबले नाहीत. पण कामट्या चुकीच्या जागी जात होत्या.

आठ दिवसांनी तुम्ही बैलगाडीत ट्रंक घालून गेलात. कोणी निरोप दिला नाही.

आता जे तुम्हाला माहीत नाही ते सांगते. तुम्ही गेल्यावर त्या पोरीचं बारसं निघालं. घरात आई नाही, बाप बोलत नाही. बायकांनी आजीला विचारलं, नाव काय? गिरजाबाई म्हणाली, “तिच्या पोटात पयला वारा ज्या बाईचा गेला, तिचंच नाव.” म्हणून खेमा. मग पुढच्या वर्षभरात ज्या-ज्या घरी मुलगी झाली, त्यांतल्या कितीतरी घरांनी तेच नाव ठेवलं. कोणाला तुम्ही तापात वाचवलं होतं, कोणाचा पहिला मुलगा तुमच्या हातचा होता. आणि काहींनी नुसतं एवढ्यासाठी ठेवलं की या नावाची पोर मेलेली उठून रडली होती.

मी गिरजाबाईला विचारलं, “पण खेमा म्हणजे काय, ते कोणी विचारलं का?”

तिला माझ्या शिक्षणाची कीव आली असावी. म्हणाली, “इचाराचं काय त्यात? खेमा म्हंजे बोलावलं का येते ते.”

लिहू नका म्हणालात तरी लिहिलं. तुमचं उत्तर आलं नाही तर समजून घेईन.

तुमची,
कुंदा


कोसमटोला
रविवार, १५ सप्टेंबर १९८५

प्रिय ताई,

मी उत्तराची आशा सोडली होती. आणि गेल्या सोमवारी टपालवाल्याने चांगलं जाडजूड पाकीट आणलं! आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण सहा पानांत तुम्ही प्रश्न एकच विचारलात, आणि तोही अगदी तळाशी, बारीक अक्षरात. “ती पोर कशी आहे? नीट बोलते का?”

तुम्हाला सात वर्षं हीच धास्ती होती ना? त्या वेळी हवा कमी पडली, डोक्याला काही झालं असेल म्हणून?

ताई, ती बोलते. देवा रे, किती बोलते! वर्गात तिला गप्प करण्यात माझा अर्धा दिवस जातो. मराठीत बोलते, घरी गोंडीत बोलते, जंगल खात्याच्या ट्रकवाल्याकडून हिंदी शिकून आलीय आणि तीही चालवते. पाढे येतात, पण सतराच्या पुढे तिचा विश्वास नाही. झाडावर चढते, बकऱ्यांना वळते, आणि तिच्यापेक्षा लहान पाचही खेमांवर हुकूम गाजवते. समोरचे दोन दात पडलेत. बाकी ठणठणीत आहे.

साहेब परत आले तेव्हा याच पोरीने मला वाचवलं. ते खुर्चीवर बसून म्हणाले, “खेमा, उभी राहा.” सहाही उभ्या राहिल्या. त्यांनी एकेकीला बापाचं नाव विचारायला सुरुवात केली. तिसरीपर्यंत पोचले आणि देवरावची खेमा म्हणाली, “साहेब, तुमचं नाव काय हाये?”

साहेबांनी सांगितलं. प्रकाश.

“तुमच्या हापिसात प्रकाश किती हायेत?”

साहेब बोटांवर मोजायला लागले, ताई! खरंच मोजले. मग हसले, आणि शेरा स्वतःच्या हाताने खोडला. जाताना मला म्हणाले, “नाव कुठून आलं ते कळलं का?” मी त्यांना तुमच्या पत्रातलं सांगितलं. मोठ्या तोऱ्यात सांगितलं. म्हटलं, खेमा तंबू नाही साहेब, खेमा राणी होती. बिंबिसार राजाची. रूपाचा इतका गर्व की बुद्धांसमोर जायची नाही. आणि गेली तेव्हा अशी बदलली की भिक्खुणींमध्ये तिच्या बुद्धीला तोड राहिली नाही. पाली शब्द आहे. आपण क्षेम म्हणतो, तेच ते. जिथे भीती नाही अशी जागा. साहेब म्हणाले, “बरं बरं,” आणि मोटरसायकलला किक मारली.

तुमच्या वडिलांचं वाचून फार छान वाटलं. भैयाजी छपन्न साली गोंडपिपरीहून नागपूरला दीक्षेला गेले, घरी आई दिवसातली. तुम्ही त्याच थंडीत जन्मलात. आजी म्हणाली मंजुळा ठेवा, आणि त्यांनी भन्तेजींना विचारून आणलेलं नाव ठेवलं. शेजाऱ्यांना म्हणायचे, “आमच्या घरात आजवर जी नावं ठेवली ती दुसऱ्यानं ठेवली. दगडू, धोंडू, कचरू. हे पयलं नाव आमी निवडून ठेवलं.” ही ओळ मी दोनदा वाचली. आणि ट्रेनिंगमध्ये मैत्रिणींनी तुम्हालाही तंबूच म्हटलं हे वाचून मात्र हसले.

पण शेवटचं पान वाचून हसू गेलं. कोसमटोल्यानंतर तुम्ही एकही बाळंतपण केलं नाही. अर्ज करून औषधांच्या भांडारात बदली मागून घेतलीत आणि आता खोकी मोजता. “हात विसरले असतील,” असं तुम्ही लिहिलंय. मला यातलं काही कळत नाही, म्हणून काही म्हणत नाही.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. देवरावाने तीन वर्षांपूर्वी दुसरं लग्न केलं. कमळा नाव तिचं. बाई साधी, खेमाला पोटच्या पोरीसारखं जपते. तिला आता सहावा महिना आहे, पहिलटकरीण. पायाला सूज असते. इथल्या उपकेंद्राला कुलूप आहे. तुमच्यानंतर दोघी आल्या, कोणी टिकलं नाही.

परवा शाळा सुटल्यावर देवराव आला. दारातच उभा राहिला. मी म्हटलं, बसा. बसला नाही.

“मास्तरीनबाई, तुमी त्या बाईले लिहून राह्यले ना?”

“हो.”

“लिहा मंग.”

“काय लिहू?”

“काई नाई,” म्हणाला. “लिहा.”

आणि निघून गेला. त्याने सांगितलं तसं लिहिलंय.

तुमची कुंदा


कोसमटोला
रविवार, १७ नोव्हेंबर १९८५

प्रिय ताई,

तुमचा निरोप जसाच्या तसा त्यांच्या घरी वाचून दाखवला. मीठ कमी, लाल गोळ्या रोज, डोकं दुखलं किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर एक क्षण न थांबता तालुक्याला. आणि दिवस भरण्याच्या आधीच चंद्रपूरला आणून ठेवायचं. कमळा घाबरली. तिने आजवर एस.टी. लांबूनच पाहिलीय. म्हणते, “मोठ्या दवाखान्यात मले कोन वळखते?”

देवराव भिंतीला टेकून ऐकत होता. वाचून झाल्यावर म्हणाला, “ते बाई सोबत राहन का तिथी?”

मी म्हटलं, त्यांचं काम आता वेगळं आहे. त्या बाळंतपणं करत नाहीत.

“काऊन?”

ताई, मी पत्राची घडी घालायला लागले. देवरावाने माझ्याकडे पाहिलं आणि त्याला उत्तर कळलं. उठून अंगणात गेला. बराच वेळ लाकडं फोडल्याचा आवाज येत होता. घरात सरपणाची काही कमी नव्हती.

तुम्ही लिहिलंय की बावीस डिसेंबरच्या रविवारी स्वतः येऊन कमळाला घेऊन जाल, पण फक्त तिच्यासोबत प्रवासाला म्हणून, दुसरं काही नाही. आणि गावात थांबणार नाही, त्याच गाडीने परत. ठीक आहे. मी सगळ्यांना तेवढंच सांगितलंय. गिरजाबाईने तरीही अंगण सारवायला काढलंय. मी म्हटलं, अजून महिना आहे. ती म्हणाली, “मंग दोनदा सारवन.”

कुंदा


कोसमटोला
रविवार, ५ जानेवारी १९८६

प्रिय ताई,

तुम्ही सुखरूप पोचल्याचं कार्ड मिळालं. इकडेही क्षेम आहे. आता हा शब्द लिहिला की हसूच येतं.

कमळा उठून फिरते. सूज उतरली. बाळ दूध ओढतं आणि दिवसभर झोपतं. तुम्ही बांधलेल्या नाळेचा तुकडा गळून पडला.

दाराच्या आत काय झालं ते तुम्हाला माहीत. बाहेर काय झालं ते तुम्ही पाहिलं नाही, म्हणून लिहायला बसलेय.

तुम्ही दुपारच्या गाडीने उतरलात तेव्हा कमळाच्या कळा सुरू होऊन तीन तास झाले होते. मी स्टँडवर तुम्हाला तसं सांगितलं आणि तुमचा चेहरा पांढरा पडला. तुम्ही म्हणालात, “तालुक्याला नेऊ.” मग घरी येऊन तिला तपासलंत आणि म्हणालात, “आता रस्त्यात होईल.” गिरजाबाईने पाण्याची घागर चुलीवर ठेवली. तुम्ही हात धुवायला लागलात. कोपरापर्यंत धुतलेत, पुन्हा धुतलेत, आणि मला वाटलं तुम्ही धूतच राहणार. मग आतून कमळाने हाक मारली, “बाई!” आणि तुम्ही गेलात. दार लागलं.

बाहेर मी, देवराव, त्याचा भाऊ झिंगू आणि या सहा पोरी. त्यांना हाकललं तरी गेल्या नाहीत. देवराव मला म्हणाला, “मास्तरीनबाई, जरा या,” आणि अंगणाच्या कडेला घेऊन गेला. तिथून नदी दिसते. पाणी आता कमरेएवढंच. पण काठाशी दोन डोंग्या बांधलेल्या होत्या. वाळूत नवी बाज उभी करून ठेवलेली, तिला दोऱ्या बांधलेल्या, आणि चैतू, दसरू आणि आणखी दोघं बिड्या ओढत बसलेले. पलीकडच्या थडीवर जंगल खात्याची जीप उभी होती. ड्रायव्हरला देवरावाने तीन दिवसांपासून गळ घातली होती.

“सकाळपासून बसले हायेत,” तो म्हणाला. “काई लागलं त बाईले धावपळ नाई झाली पायजे.”

त्याने मग नदीकडे पाहत सांगितलं. हे तुमच्यासाठीच आहे असं मी समजते, कारण मला सांगण्याचं त्याला काही कारण नव्हतं.

“त्या टाइमाले डोंगी भेटली असती त सीता वाचली असती, का नाई वाचली असती, कोनाले मालूम? पन डोंगी आनाचं काम माहं होतं. बाईचं नोयतं. ते त तिले मांडीवर घेऊन बसली होती. मी घाटावर उभा राहून बोंबलत होतो.” मग म्हणाला, “आज आतमंदी काई बी होवो. मी तिले एक शब्द बोलनार नाई. ते आली ना? बस झालं.”

तेवढ्यात आत रडण्याचा आवाज आला. पहिल्यांदा बारीक, मग चांगला खणखणीत. दार उघडून तुम्ही बाहेर आलात, हातात फडक्यातलं गाठोडं. तुमच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तुम्ही हसत होतात. म्हणालात, “मुलगा आहे. दोघं चांगली आहेत.” देवराव पुढे आला, तुमच्या पायाशी वाकला, तुम्ही “अहो, नको” म्हणत मागे सरलात, आणि गाठोडं त्याच्या हातांत ठेवलंत. मला वाटतं तेच बरं झालं.

नावाचा गोंधळ तर तुमच्या समोरच झाला. गिरजाबाई म्हणाली, “खेमा!” मी हात जोडले. म्हटलं, आजी, माझ्या हजेरीवर दया करा, आणि तो मुलगा आहे. ती म्हणाली, “पोट्ट्याले चालत नाई का?” तुम्ही हसत म्हणालात की पालीत पुरुषाचं नाव खेम होतं, चालतं. झालं! तुम्हीच परवानगी दिलीत. आता पुढच्या पाच-सहा वर्षांत माझ्या वर्गात किती खेम येतील ते तुम्हीच मोजायला या.

या म्हणजे नुसतं मोजायला नाही. उपकेंद्राचं कुलूप काल उघडलं. देवराव, चैतू आणि दसरू मिळून आतली भिंत चुन्याने पोततायत. कोणी सांगितलं नाही, कोणाला पाठवतायत असा हुकूमही नाही. मी विचारलं, “कोणासाठी?” तर चैतू म्हणाला, “कोनी आलं त चांगली दिसली पायजे.” तुम्ही परतताना गाडीत चढण्याआधी मला एवढंच म्हणालात, “कुंदा, हात विसरले नव्हते गं.” मी ते वाक्य इथे कोणालाही सांगितलेलं नाही. अर्ज करायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. खोकी मोजायला माणूस कुठेही मिळतो, एवढंच म्हणते, आणि हे म्हटल्याबद्दल रागवा हवं तर.

आता राहिलं देवरावच्या खेमाचं. तुम्ही तिला मांडीवर घेऊन बसला होतात ना, तिच्या केसांतून हात फिरवत, आणि ती कधी नव्हे ती गप्प होती. मला तेव्हाच कळलं होतं की काहीतरी शिजतंय. दुसऱ्या दिवशी ती माझ्या टेबलापाशी आली.

“बाई, त्या नर्सबाईचं नाव खरंच खेमा हाये?”

“हो.”

“तिले माह्यं नाव कोनं देलं?”

मी तिला समजावलं. म्हटलं, नाव आधी त्यांचं. तू झालीस तेव्हा आजीने त्यांच्याकडून घेऊन तुला दिलं. ती डोळे बारीक करून ऐकत होती. पटलं नाही, हे दिसत होतं. तिच्या हिशेबात कोसमटोल्याची पहिली खेमा ती, बाकीच्या सगळ्या तिच्यानंतरच्या.

जागेवर जाऊन बसली. पाटी काढली. दोन ओळी लिहिल्या. मग परत उठून आली आणि माझ्या कानाशी लागून, बाकीच्या पाचजणींना ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाली, “बरं, राहू द्या तिच्यापाशी. चांगली हाये ते.”

तुमची,
कुंदा